तळ्यातली हरवलेली जीभ

हे अनंता, तुला काठ नाही. काठ असलेल्या माणसांनी तुला वंदन करायचे म्हणजे ओंजळीने समुद्र मोजायचा. तरी ओंजळ पुढे करावी, कारण तीही तूच दिलेली. माती कुठे संपते आणि पाणी कुठे लागते हे तुला ठाऊक. आम्हाला पाय ओले झाल्यावर कळते. ज्यांना सगळे कळते त्यांचे तू दुरून ऐकतोस, दयाळा, पण ज्यांना काही कळेनासे होते, जे काठावर गोंधळून उभे राहतात, त्यांच्या शेजारी तू येऊन उभा राहतोस. अशाच एका सरळ हाताच्या बाईची ही कथा आधी तुझ्या पायाशी ठेवू, आणि मग तिच्या दाराशी जाऊ.

वाचकहो, कचेरीत तिला सगळे 'बाई' म्हणत. बाई नकाशाच्या कचेरीत आरेखक होत्या. मोजणीला गेलेली माणसे रानावनातून, ओढ्यानाल्यांतून आकड्यांनी भरलेल्या वह्या आणत. त्या आकड्यांवरून कागदावर डोंगर उभा करणे, नदी वळवणे, तळे भरणे हे बाईंचे काम. तिसरा मजला, उत्तरेची खिडकी, तिरपे टेबल आणि एकतीस वर्षे. उत्तरेची खिडकी कशासाठी? उत्तरेच्या उजेडात हाताची सावली रेघेवर पडत नाही म्हणून. रेघ ओढताना बाई श्वास धरून ठेवत. जितकी लांब रेघ, तितका लांब श्वास. नवी मुलगी कामाला लागली की बाई तिच्या हाती पेन द्यायची घाई करत नसत. म्हणत, "आधी श्वास धरायला शीक गं. हात मागोमाग येतो."

बाईंचे एक व्रत होते. वहीत नाही ते कागदावर नाही. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ मोकळी जागा दिसली की दोन झुडपे टाकायचे. "शोभा येते हो बाई." बाई त्यांच्याकडे अशा बघायच्या, की ते गृहस्थ निमूट उठून झुडपे खरवडायला पाते आणायचे. स्वतःचे काही घालायचे नाही, स्वतःचे काही वगळायचे नाही. हात आपला, रेघ जगाची. एवढ्या एका निष्ठेवर ही बाई रोज सकाळी पेन कपाळाला लावून कामाला बसे. आणि गंमत पाहा त्या परमेश्वराची. एकतीस वर्षांत तीनशेहून अधिक तळी या हातांनी काढली. डोळ्यांनी पाहिले एकही नाही. मोजणारे जातात, काढणारे बसतात, कचेरीची रीतच ती.

घरी बाईंचे यजमान. त्यांना सारी आळी 'भट्टीवाले' म्हणे. पावाच्या कारखान्यात ते पीठ मळत आणि भट्टी सांभाळत. पहाटे अडीचला उठायचे, तीनला पीठ तिंबायला घ्यायचे, म्हणून रात्री आठला निजायचे. बाई अकराला निजत, सातला उठत. लग्नाला एकोणतीस वर्षे झाली, एक लेक वाढली, नांदायला गेली. पण या दोघांनी एक अख्खी रात्र शेजारी शेजारी झोपून काढलेली नव्हती. भट्टीवाले हसत सांगत, "आमचा संसार म्हणजे एकाच अंथरुणाची दोन पाळ्यांत वाटणी. ती यायची तोवर मी ऊब करून ठेवायची."

तिसरा जीव कुत्र्याचा. तपकिरी, आखूड पायांचा, एका कानाने उभा आणि एका कानाने पडलेला. पिलू असताना त्याने बाईंचे सहा खोडरबर खाल्ले आणि ते पचवले, म्हणून त्याचे नाव खोडरबर. शूर होता, जिन्यातल्या मांजरावर भुंके, पोस्टमनवर भुंके, वाऱ्याने हललेल्या पडद्यावरही भुंके. भीती एकाच गोष्टीची: पाण्याची. बादलीचा आवाज आला की पलंगाखाली जो शिरायचा, तो भट्टीवाल्यांनी पावाचा तुकडा दाखवला तरी बाहेर येत नसे.

आता गोष्ट ज्यावर उभी आहे ते सांगतो. बाईंच्या निवृत्तीला तीन आठवडे उरले होते. आजवर नकाशावर वरिष्ठांची सही छापली जाई. काढणाऱ्याचे नाव कुठेच नसे. त्या वर्षी नियम बदलला. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात आरेखकाची आद्याक्षरे छापायची असे ठरले. बाईंनी बावीस वर्षांपूर्वी काढलेला एका तळ्याचा नकाशा नव्याने छापायला निघाला होता. साहेब म्हणाले, "बाई, हा तुमचा. तपासणीची प्रत घरी न्या, बारकाईने पाहा आणि सोमवारी सही करून द्या. मंगळवारी छपाईला जाईल." सोमवारी सही झाली तर ती दोन अक्षरे छापून येणार. पहिल्यांदा आणि शेवटचीच. सही राहिली तर नकाशा पुढच्या खेपेला जाणार, तोवर बाई घरी बसलेल्या असणार, आणि कोपऱ्यात दुसऱ्याच कुणाची अक्षरे येणार.

बाई घरी आल्या आणि भाकरीच्या पिठाकडे बघावे तसे त्या प्रतीकडे बघत बसल्या.

"काय झालं?" भट्टीवाले म्हणाले.

"काही नाही. वाटलं, सही करायच्या आधी एकदा बघावं."

"बघतेच आहेस की."

"कागद नाही हो. तळं."

योगायोग असा, की त्याच शनिवार-रविवारी कारखान्याची भट्टी विटा बदलायला थंड केली होती. लेकीने दिलेला तंबू दोन वर्षे माळ्यावर पडून होता. भट्टीवाले म्हणाले, "चल. तू तळं बघ, मी झोप बघतो."

शनिवारी दुपारी ते तळ्यावर पोचले. पत्र्याच्या नळकांड्यात गुंडाळलेला नकाशा बाईंच्या खांद्याला, तंबू भट्टीवाल्यांच्या पाठीवर, आणि खोडरबर दोघांच्या मध्ये दोरी ताणत. पाणी दिसताच खोडरबर बसला तो बसलाच. बाईही उभ्या राहिल्या. एवढे मोठे? कागदावर तळहाताएवढे होते ते! वारा येई आणि सगळे पाणी एकदम अंगावर काटा आल्यासारखे होई. हे कुठल्याच वहीत नव्हते. बाईंचे डोळे भरून आले आणि का ते त्यांनाच कळेना.

मग त्यांनी नळकांडे उघडले, नकाशा गवतावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि तो उत्तरेकडे जुळवला. समोरची बोडकी टेकडी, तिथेच. टेकडीच्या पायथ्याशी येऊन मिळणारा ओढा, तिथेच. पलीकडची खाच, बांध, बांधाच्या टोकाची पाणी सोडायची झडप, सगळे जिथल्या तिथे. बाईंचा चेहरा उजळत गेला. आणि एकदम विझला.

"अहो, जीभ कुठंय?"

तळ्यात घुसलेल्या जमिनीच्या निमुळत्या पट्ट्याला कचेरीत जीभ म्हणत. नकाशात ती स्पष्ट होती. काठावरून निघून एकशे वीस पावले पाण्यात गेलेली, पेन्सिलीच्या टोकासारखी सरळ. समोर मात्र काठ साधा, गोल, आणि पुढे नुसते पाणी.

"वाहून गेली असेल," भट्टीवाले म्हणाले.

"जमीन वाहून जाते होय? साखर आहे का ती?"

"मग आपण चुकीच्या तळ्यावर आलो."

"टेकडी बरोबर, ओढा बरोबर, बांध बरोबर. तळं कसं चुकेल?"

"मग तू चुकलीस," भट्टीवाले सहज म्हणाले, आणि बोलल्या बोलल्या त्यांना समजले की ही थट्टा जिव्हारी लागली.  बाईंनी नकाशा उचलला, थोडा फिरवला, परत ठेवला. मग काठाने चालत निघाल्या. एकदा गेल्या, परत आल्या. पुन्हा गेल्या. तिसऱ्यांदा पावले मोजत गेल्या. मागून भट्टीवाले आणि त्यांच्या मागून, पाण्यापासून चार हात राखून, खोडरबर. तिघेही शोधत होते; कुत्र्याला तर काय शोधायचे तेही ठाऊक नव्हते.

तिथला राखणदार शेकोटीसाठी लाकडे घेऊन आला. उंच, वाकलेला, कानाला टोपी बांधलेला माणूस. बाईंनी त्याला गाठले.

"दादा, इथं जमिनीचा एक पट्टा तळ्यात गेलेला होता ना? या इथून?"

राखणदाराने पाण्याकडे पाहिले, नकाशाकडे पाहिले, बाईंकडे पाहिले. "कधी?"

"बावीस वर्षांपूर्वी."

"मी आलो सहा वर्षांपूर्वी. मी तर नाही बघितला."

"त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी मी पण नाही बघितला." तो थोडा विचारात पडला. "तुम्हाला तो हवाय कशाला? तंबू इथंही लागतो की."

"अहो, मीच काढलाय तो," बाई म्हणाल्या.

राखणदार दोन पावले मागे सरला. "तुम्ही? काढून कुठं नेलात?"

भट्टीवाल्यांना हसू आवरेना. बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांच्या मनात एकच प्रश्न घुमू लागला, देवळातल्या घंटेचा नाद घुमावा तसा: जे नाही ते मी काढले का? ज्या हाताने दुसऱ्यांची झुडपे खरवडायला लावली, त्याच हाताने अख्खी जमीन टाकली का? आणि हे एक टाकले असेल, तर उरलेल्या तीनशेंचे काय?

तंबू उभारतानाही तेच झाले. सोबतच्या कागदावर चित्रे होती. बाई चित्राप्रमाणे नळ्या जोडू लागल्या आणि भट्टीवाले पीठ चाचपावे तसे कापड चाचपून बसवू लागले. शेवटी तंबू उभा राहिला, पण दार झुडपांकडे आणि दोन नळ्या हातात उरलेल्या.

"कागदात बघ, या कशाच्या," भट्टीवाले म्हणाले.

"कागदात काय बघायचं?" बाई बोलल्या. "कागदाचं काही खरं नसतं."

एकोणतीस वर्षांत असे वाक्य भट्टीवाल्यांनी या बाईच्या तोंडून ऐकले नव्हते. त्यांनी मुकाट्याने दोन्ही नळ्या जमिनीत रोवल्या आणि त्यांवर ओला पंचा टाकला.

रात्री आठला भट्टीवाल्यांचे डोळे मिटू लागले, पण शेजारी कुणी आहे म्हणून त्यांना झोप येईना. बाईंना झोप येत नव्हती ती निराळ्या कारणाने. खोडरबर तर पुरता गोंधळला. एका वेळी एकच माणूस निजते, हा त्याच्या जगाचा नियम. आज एकदम दोन! तो एकाच्या पायाशी बसे, उठे, दुसऱ्याच्या पायाशी बसे, मध्ये उभा राहून दोघांची तोंडे हुंगे.

"बस की रे एका जागी," भट्टीवाले पुटपुटले. मग थोड्या वेळाने, "अगं, तू झोपेत बोलतेस का?"

"मला काय माहीत? तुम्ही कधी होतात ऐकायला?"

"तेही खरंच."

 बाई हळूच म्हणाल्या, "अहो, मी सही करू की नको?"

"कर."

"आणि जीभ नसेल तर?"

"मग नको करू."

"म्हणजे काय करू?"

भट्टीवाल्यांनी अंधारात तिचा हात शोधला आणि मुठीत घेतला. एवढेच त्यांना येत होते. वाचकहो, काही प्रश्नांना उत्तर नसते तेव्हा देव माणसाला दुसऱ्या माणसाचा हात देतो. प्रश्न तसाच राहतो आणि रात्र सरते.

अडीचला भट्टीवाले सवयीने उठले. भट्टी नाही, पीठ नाही, करावे काय? पडून राहिले, परत डुलकी लागली, आणि फटफटताना जाग आली तर पायाशी खोडरबर नाही. ते बाहेर आले. पाण्यावर धुक्याचा पातळ पदर. दूर, तळ्यात, एक बगळा उभा. भट्टीवाल्यांनी डोळे चोळले. बगळ्याच्या थोडे अलीकडे, तळ्याच्या मध्ये, पाण्यावर, त्यांचा कुत्रा उभा होता. पोहत नव्हता, बुडत नव्हता. चारही पायांवर नीट उभा राहून बगळ्यावर भुंकत होता.

ते तसेच तंबूत वाकले. "अगं ऊठ. खोडरबर पाण्यावर उभा आहे."

"झोपा हो," बाई म्हणाल्या.

"अगं खरंच. तळ्याच्या मध्ये."

"पाण्यात? तो? तो बादलीला घाबरतो."

"तेच म्हणतोय मी! काही तरी झालंय त्याला. नाहीतर मला."

बाई धडपडत बाहेर आल्या. बगळा उडाला. कुत्रा त्याच्यामागे पाच पावले गेला, थांबला, मागे वळला आणि इतका वेळ आपण कुठे उभे आहोत हे आत्ता लक्षात आल्यासारखा जागच्या जागी थरथरू लागला. पाणी त्याच्या पोटालाही लागत नव्हते.

 बाईंनी त्या कुत्र्याकडे पाहिले, मग काठाकडे, मग टेकडीकडे. ओठ हलू लागले; अंतरे जुळवत होत्या त्या. आणि एकदम हात जोडून त्या मटकन खाली बसल्या. "अहो, जीभ आहे! पाण्याखाली आहे! माझी जीभ आहे!"

हे विश्वंभरा, तू झाकतोस तेव्हाही ठेवतोसच! डोळ्यांना दिसेना म्हणून जे नाहीच असे वाटून बाई रात्रभर तळमळल्या, ते वीतभर पाण्याखाली शांत निजलेले होते. दाखवायला कुणाला पाठवलेस? ज्याला पाण्याचे सर्वांत अधिक भय, त्यालाच.

पण कथा इथे संपत नाही. बाईंनी साडी खोचली आणि पाण्यात उतरल्या. खाली घट्ट जमीन. एक पाऊल, दुसरे पाऊल. त्या मोठ्याने मोजू लागल्या. मागून भट्टीवाले नळकांडे खांद्याला लावून उतरले. चाळीस पावले झाली, पन्नास झाली. बाईंचा चेहरा नव्या नवरीसारखा झाला होता. साठाव्या पावलाला भट्टीवाले ओरडले, "अगं, डावीकडं! कुत्रा डावीकडं आहे!"

"नकाशात सरळ आहे!"

"कुत्र्याकडं बघ!"

"मी काढलंय का कुत्र्यानं?" बाई म्हणाल्या, पुढचे पाऊल सरळ टाकले आणि गळ्यापर्यंत पाण्यात गेल्या.

भट्टीवाल्यांनी जिवाच्या आकांताने नळकांडे पुढे केले. "धर! धर हे!"

"नको, नकाशा भिजेल!"

"अगं, तू भिजलीस!"

"मी वाळेन!"

शेवटी भट्टीवाल्यांनी नळकांडे पाठीवर टाकले, गुडघे टेकले, आणि पहाटेच्या पहाटे पन्नास पन्नास किलोचे पीठ उपसणाऱ्या त्या दोन हातांनी बायकोला काखेत धरून वर ओढले. तिकडे खोडरबरने हा सगळा प्रकार पाहिला, भुंकला, आणि जिभेच्या वाकणावरून, जिथे जमीन खरोखर होती तिथून, नीट वळसा घालत त्यांच्याजवळ आला. तिघे तळ्याच्या मध्ये उभे राहिले, घोट्याएवढ्या पाण्यात, कुडकुडत.

"म्हणजे तुझं बरोबर की चूक?" भट्टीवाल्यांनी विचारले.

"आहे," बाई म्हणाल्या. "पण वाकडी आहे."

"म्हणजे बरोबर की चूक?"

"मला कळत नाही हो." आणि त्या हसू लागल्या, आणि हसता हसता रडू लागल्या. त्यातले कोणते आधी थांबले हे भट्टीवाल्यांनाही सांगता आले नाही.

काठावर राखणदार येऊन उभा होता. त्याने टोपी काढली. "अरेच्चा! तिथं उभं राहता येतं?"

"सहा वर्षं काय करत होतात दादा?" भट्टीवाले ओरडले.

"लोकांना सांगत होतो, पाण्यात जाऊ नका म्हणून!"

शेकोटीपाशी, दोन चादरी गुंडाळून, भट्टीवाल्यांनी आणलेला पाव काळ्या चहात बुडवून खाताना बाईंना सगळे आठवले. राखणदाराने सांगितले, झडपेला फळ्या बसवल्या की पाणी चढते. फळ्या कोण बसवते, केव्हा काढते, जमीन कधी उघडी पडते का, हे त्याला सांगता येईना; एकदा म्हणाला दरवर्षी, एकदा म्हणाला कधीच नाही. ते कोडे तसेच राहिले. पण वाकण कुठे गेले ते बाईंना कळले. त्या वहीत जिभेच्या मुळाचे मोजमाप होते आणि टोकाचे होते. मधले नव्हते. मोजणीदाराने मध्ये एक आडवी रेघ मारून पुढचे पान उलटले होते. आणि कचेरीचा नियम असा, की दोन बिंदूंच्या मध्ये मोजमाप नसेल तर ते सरळ रेघेने जोडावेत. बाईंनी जोडले. श्वास धरून, एका दमात, तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खिडकीपाशी. इतकी सुंदर रेघ आली होती की साहेबांनी शेजारच्यांना बोलावून दाखवली होती.

"वहीत नाही ते कागदावर नाही म्हणायचे मी," बाई म्हणाल्या. "आणि ही रेघ कुठल्या वहीत होती?"

भट्टीवाल्यांनी त्यांच्या डोक्यावर टॉवेल घासला. "पाव फुगला की आत पोकळी राहतेच गं. कापल्याशिवाय कुणाला दिसते?"

"पण मी सही करू की नको?"

भट्टीवाल्यांनी पावाचा आणखी एक तुकडा तिच्यापुढे केला. पीठ किती मळावे हे ते सांगू शकत होते; बाईंनी पेन उचलावे की नाही, हे नाही.

सोमवारी सकाळी बाई साहेबांच्या खोलीत गेल्या. अंगाला अजून ओल्या गवताचा वास होता. साहेब हसून उठले. "या बाई. केलीत सही?"

बाईंनी प्रत टेबलावर पसरली. जिभेच्या दोन्ही सरळ कडांवर त्यांनी पेन्सिलीने छोट्या तिरप्या खुणा करून ठेवल्या होत्या, आणि समासात आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिले होते: मध्ये मोजमाप नाही. रेघ माझी.

साहेबांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. "हे काय?"

"इथं तुटक रेघ हवी साहेब, न मोजलेल्या जागेची. आणि माणूस पाठवून मधलं मोजून घ्यायला हवं."

"तुटक रेघ? एकतीस वर्षं तुम्ही तुटक रेघांवरून माझ्याशी भांडलात! म्हणायचात, आहे तर आहे, नाही तर नाही."

"म्हणायचे खरी."

"मग ही जीभ आहे की नाही?"

"आहे. पण आत्ता दिसत नाही. आणि दिसली तर वाकडी दिसेल."

साहेब खुर्चीत बसले. त्यांचाही पुरता गोंधळ उडाला होता; चांगला माणूस होता बिचारा. "बाई, एवढं करायचं तर छपाई थांबेल. मोजणी व्हायला तीन महिने. तुम्ही या महिन्याच्या शेवटी जाताय. तुमची अक्षरं... तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय."

"आणि तो जुना मोजणीदार आता नाही. वहीत काहीच नाही म्हणता. मग मी वरती काय सांगू? पुरावा काय?"

 बाई म्हणाल्या, "मी तिथं बुडले साहेब. गळ्यापर्यंत. साठाव्या पावलाच्या पुढं."

 साहेबांनी पेन उचलले, बाईंच्या ओळीखाली नेले आणि लिहिले: आरेखकाने जागेवर जाऊन पडताळले. छपाई थांबवावी. आपली सही केली, तारीख टाकली आणि प्रत गुंडाळून नळकांड्यात सरकवली.

बाई आपल्या तिरप्या टेबलाशी गेल्या. त्या दिवशी त्यांच्यासमोर एका ओढ्याचे काम होते. वहीत दोन मोजमापांच्या मध्ये मोकळी जागा आली. त्यांनी पेन उचलले, श्वास धरला, आणि पुष्कळ वेळ तसाच धरून ठेवला. शेवटी श्वास सोडून दिला आणि पेन खाली ठेवले. शेजारच्या गृहस्थांनी विचारले, "काय झालं बाई?" बाई म्हणाल्या, "कळत नाही हो." आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू होते.

हे काठ नसलेल्या कृपाळा, या बाईवर तुझी छाया राहो. तिचा हात तिला सरळ राहो आणि तिचे पाऊल जिथे तू वळवशील तिथे वळो. तिच्या भट्टीवाल्यांची भट्टी नव्या विटांनी धगधगत राहो, त्यांच्या दंडातले बळ उतरू नको देऊस. निवृत्तीनंतर त्या दोघांना शेजारी शेजारी पुष्कळ रात्री दे, आणि मध्ये त्या तपकिरी जिवाला जागा दे. लेकीच्या घरी सुख नांदो. त्या घरात कुणाला काही कळेनासे झाले तर उत्तर दे, आणि उत्तर नसेल तर कुणाचा तरी हात दे. तथास्तु म्हण, देवा. तथास्तु.